ग्लायडरची कॅनोपी: चौथी शीट

गेल्या दोन रविवारी मिळून तीन शीट भंगारात गेल्या. काल चौथी निघाली, ती विमानावर चढवण्याजोगी आहे.

दीड मीटर पंखांचं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं ग्लायडर; कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, १८० मिमी लांब आणि ६० रुंद. शीट पीईटीजी या प्लास्टिकची, ०.७५ मिमी. अ‍ॅक्रिलिक नि पॉलिकार्बोनेट हवेतली ओल धरतात, आधी सुकवले नाहीत तर तापताना आत बुडबुडे धरतात. पीईटीजीचे एवढे नखरे नाहीत, आणि ते ८० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं.

तापवून मऊ केलेली शीट प्लास्टरच्या साच्यावर हवेच्या ओढीने बसवायची, म्हणजे व्हॅक्यूम फॉर्मिंग. त्याचं यंत्र म्हणजे प्लायचा खोका. साचा ठेवायच्या वरच्या फळीला भोकं, बाजूला घरच्याच व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप, सांधे सिलिकॉनने बंद. शीट दोन लाकडी चौकटींत काळ्या बाइंडर क्लिपांनी आवळायची. तापवायला जुना ओटीजी. "यात आता परत केक होणे नाही, घेऊन जा वर," म्हणत आईने तो कायमचा माझ्या नावावर केला.

पहिल्या शीटची खालची संरक्षक फिल्म काढायची राहिली. जास्त लिहीत नाही. दुसरी घड्याळ लावून चार मिनिटांनी काढली; मधला भाग बसला, कडा कच्च्या राहिल्या. त्याचा राग तिसरीवर काढला. तिचा एवढा झोळ पडला, की साच्याच्या मागच्या टोकाला जास्तीचं प्लास्टिक एकमेकांना चिकटून पदरासारख्या उभ्या चुण्या झाल्या. त्यात साच्याच्या बाजू अगदी सरळ, त्यामुळे शीट सुटेना. उपटताना प्लास्टरचा टवका गेला.

मग साचा पुन्हा घासला. बाजूंना चारेक अंशांचा उतार दिला, आणि खाली १० मिमी जाडीचा ठोकळा चिकटवला. फळीपाशी शीटला जी गोलाई येते ती आता ठोकळ्यावर पडते, कापायची रेघ तिच्या वर मोकळी राहते. हे आधीच सुचायला हवं होतं.

चौथ्या वेळी ओटीजीच्या आकड्याकडे बघितलंच नाही, काचेतून फक्त शीट बघत बसलो. आधी ती वेडीवाकडी लहरते. तेव्हा हात शिवशिवतात, पण काढायची नाही. मग लहरी जाऊन पुन्हा ताठ होते, आणि त्यानंतर मधोमध सावकाश, एकसारखा झोळ धरते. तो साधारण २० मिमी झाला की हातमोजे घालून चौकट बाहेर, क्लीनर आधीच चालू, एका दमात खाली. क्लीनरची ओढ वातावरणाच्या दाबाच्या पाचव्या हिश्शाएवढी असेल-नसेल, त्यामुळे रेंगाळलात तर शीट गार होते आणि मग ती कशालाच दाद देत नाही. 'फट्' असा आवाज आला, दोन सेकंदांत साचा शीटमधून उमटला.

कॅनोपीच्या डोक्यावर, जिथे शीट आधी टेकली, तिथे जाडी जवळपास मूळचीच आहे. बाजूंना नखाने दाबलं तर लवते. कापून वजन ११ ग्रॅम. नाकापाशी साच्यावरचा पॉलिश पेपरचा एक ओरखडा जसाच्या तसा उतरलाय, उन्हात धरला की दिसतो. तिथे पायलटचं डोकं येईल असं बघतो.