फुकेतच्या किंग्ज कपला क्रू म्हणून जाताय? आधी पोझिशन विचारा

किंग्ज कप म्हणजे थायलंडच्या फुकेत बेटावरची रेगाटा, शिडाच्या बोटींच्या शर्यती. कुणी तुम्हाला "डिसेंबरात फुकेतला रेगाटा आहे, एक माणूस कमी पडतोय, येतोस का" असं विचारलं आणि त्याच दमात "वजन किती रे तुझं" असंही विचारलं, तर तिथेच काय ते समजून जा. मी समजलो नाही. मला वाटलं लाइफ जॅकेटच्या साइझसाठी विचारतोय. ८४ म्हटलं, समोरून लगेच "पर्फेक्ट" आलं आणि मी खूश, की चला, कदर आहे आपली.

सांगितलं असं होतं की जिब ट्रिम करायला मिळेल, म्हणजे पुढचं शीड वाऱ्याप्रमाणे ओढायचं-सोडायचं. छोट्या बोटींवर दोन सीझन काढलेत, शीट, म्हणजे शिडाची दोरी, कधी ओढायची कधी सोडायची एवढं कळतं, त्यामुळे मी स्वप्नं बघतच विमानात बसलो. पहिल्या सकाळी स्किपरने कागद काढून नावं वाचली. बो (म्हणजे बोटीचं पुढचं टोक) अमुक, पिट (म्हणजे मधल्या दोऱ्या) अमुक, ट्रिमर दोघं अमुक तमुक, आणि माझ्या नावापुढे "रेल, सीवर". रेल म्हणजे वाऱ्याकडच्या कडेवर पाय बाहेर सोडून बसायचं, निव्वळ वजन म्हणून. आणि सीवर म्हणजे गटार. अक्षरशः गटार, बोटीवर त्या जागेला हेच नाव आहे, मी काही अपमानाने म्हणत नाहीये. डेकखाली बसून स्पिनेकर, म्हणजे वारा मागून असताना लावायचं मोठं फुगीर शीड, आत ओढायचा आणि परत घडी करून पिशवीत भरायचा, हे त्याचं काम. त्याबद्दल पुढे भरपूर लिहिणार आहे कारण आठवडाभर मी तेच केलं.

ही रेगाटा १९८७ पासून आहे, थायलंडचे तेव्हाचे राजे भूमिबोल यांच्या साठीनिमित्त सुरू झाली, ५ डिसेंबर त्यांचा वाढदिवस म्हणून दरवर्षी साधारण त्याच सुमारास असते. नुसतं ट्रॉफीला नाव दिलंय असं नाही बरं का, हा माणूस १९६७ च्या आग्नेय आशियाई द्वीपकल्पीय खेळांत स्वतः ओके डिंगी (एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी) चालवून सुवर्णपदक जिंकलाय, तेही मुलीबरोबर विभागून, आणि डिंग्या स्वतःच्या हाताने बांधायचा. त्यामुळे तिथे या कपाला खरंच मान आहे, आणि बोटीही एकदम प्रोफेशनल टीमवाल्यांपासून कुटुंबासकट आलेल्या क्रूझरपर्यंत सगळ्या प्रकारच्या. तुमची बोट यातली कुठली हे आधी शोधून काढा. क्रूझिंग क्लासमध्ये लोक दुपारी सँडविच खातात. आमच्याकडे आयआरसी हँडिकॅप, म्हणजे बोटीच्या क्षमतेप्रमाणे वेळ दुरुस्त करून निकाल, म्हणून वेळेचा सेकंद न सेकंद मोजायचे, सँडविच होते पण खायला परवानगी नव्हती असंच म्हणायला हवं.

एअरपोर्टवरून काटा बीच, म्हणजे जिथे ही रेगाटा असते, हे जवळपास बेटाचं दुसरं टोक. पहिल्याच काउंटरवर जाऊन मी १४०० थाई बाट मोजले, ही माझी या ट्रिपची पहिली आणि सगळ्यात छोटी चूक. तिथे स्मार्ट बस आहे, एअरपोर्टवरून पातोंग, कारोन करत काटाला येते, शंभर बाट. वेळ बराच लागतो पण उतरल्यावर तुम्ही काही रेस करणार नसता. घाई असेल तर ॲपवरून गाडी बोलवा, परत येताना मी तेच केलं आणि बरोबर निम्मे पडले. राहण्याचं पण बघून घ्या. मला वाटलं होतं बोटीवरच झोपायचं, तर रेसिंगच्या बोटीवर झोपायला जागाच नसते, आत नुसत्या सेलच्या, म्हणजे शिडांच्या, पिशव्या. डिसेंबर म्हणजे तिथला ऐन सीझन, ऐनवेळी मिळालेली खोली बीचपासून वीस मिनिटं चढावर होती. रोज संध्याकाळी तो चढ.

आता वाऱ्याचं. हे कुणी सांगितलं नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. डिसेंबरात तिथे ईशान्येचा वारा. काटा आहे बेटाच्या पश्चिमेला, म्हणजे वारा डोंगरावरून उतरून पाण्यावर येतो, कुठे येतो कुठे येतच नाही. किनाऱ्याजवळ समुद्र तळ्यासारखा, एका बोटीला झुळूक मिळते आणि शंभर मीटरवरची दुसरी बोट सेल लोंबकळत उभी. दक्षिणेला केप प्रोमथेपच्या बाहेर गेलं की मग वारा सरळ होतो. शिवाय बेटांच्या मधून भरतीओहोटीची ओढ अशी की वारा पडला तर बोट मार्कपासून, म्हणजे जिथे वळायचं त्या खुणेपासून, लांब लांब जात राहते आणि आपण बघत राहतो.

तर वारा जोरात असला की जड माणूस रेलवर हवा असतो. वारा पडला की तोच माणूस नकोसा होतो. मग बोट मुद्दाम वाऱ्याखालच्या बाजूला कलती ठेवतात, म्हणजे सेल स्वतःच्या वजनाने आकार धरतं, आणि जड लोकांना म्हणतात खाली जा, मध्यावर, जमेल तितकं खोल बसा. पाच दिवसांपैकी चार दिवस वारा पडका होता. म्हणजे ज्या ८४ किलोंसाठी मला बोलावलं तेच ८४ किलो चार दिवस लपवून ठेवायचे होते, आणि लपवायची जागा म्हणजे गटार. सीवरला मग वर यायचं कारणच उरत नाही ना. मी फुकेतचा समुद्र मुख्यतः एका हॅचमधून, म्हणजे डेकमधल्या झाकणाच्या भोकातून, पाहिलाय, चौकोनी.

आत कसं असतं ते सांगतो. उभं राहता येत नाही. हॅच रेसमध्ये बंद, फक्त स्पिनेकर उतरवताना उघडतं, बाकी वेळ हवा नाही. डिझेलचा वास, ओल्या दोऱ्यांचा वास, आणि कुणाच्या तरी बुटांचा. वरून डेक तापलेला, हात लावला तर खालून पण गरम लागतो. मग वरून आरोळी येते आणि हॅचमधून स्पिनेकर ओढायचा, शंभर चौरस मीटरच्या वरचं नायलॉन, भिजलेलं, खारट, अंगाला चिकटतं. दोन्ही हातांनी ओढायचं कारण एक कोपरा जरी पाण्यात गेला तर ते पाणी भरून घेतं आणि मग बोट थांबते आणि सगळे तुमच्या नावाने ओरडतात. ओढून झालं की तुम्ही त्या कापडाच्या आत असता, बाहेर नाही.

आणि मग घडी. एका कडेला लाल पट्टी, दुसऱ्या कडेला हिरवी. वरचा कोपरा शोधायचा, लाल पट्टी हातात धरून तळापर्यंत सरकत जायचं, परत वर येऊन हिरवी, मधलं सगळं पिशवीत कोंबायचं आणि तिन्ही कोपरे वर बाहेर ठेवायचे. ऐकायला सोपं. चालत्या एसटीत नऊवारीची घडी घालून बघा, एसटी घाटात आहे, आणि कंडक्टर सतत "झालं का, झालं का" विचारतोय. एका रेसला दोनदा, दिवसाला दोन किंवा तीन रेस. हिशोब तुम्ही करा.

मला बोट लागत नाही असं मी आयुष्यभर सांगत आलो. लागते. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या घडीला लागली. बादली हाताशी होती, स्पिनेकर वाचला, एवढंच पुण्य. डेकवर असताना लागली तर माणूस क्षितिजाकडे बघतो, बरं वाटतं, आत क्षितिज कुठून आणणार. गोळी आदल्या रात्री घ्या आणि सकाळी परत, उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बादलीतच जाते. गोळीने झोप येते हे खरं, पण मला त्या उकाड्यात झोप येईल ही भीती नव्हतीच.

त्याच दिवशी डोकं ठिकाणावर नसताना केलेल्या घडीत पीळ राहिला. वर चढवल्यावर स्पिनेकरचा झाला डमरू, वर एक फुगा, खाली एक फुगा, मधे गच्च आवळलेला. तो सोडवेपर्यंत चार बोटी पुढे गेल्या. स्किपर जे बोलला ते लिहीत नाही. आमचा बोवाला थाई मुलगा, पंचविशीचा असेल, तो संध्याकाळी खाली आला आणि मला "पी" म्हणाला, पी म्हणजे दादा, आणि शांतपणे दाखवलं की वरचा कोपरा आधी एका हुकात अडकवून टाकायचा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि पीळ आपोआप कळतो. दहा मिनिटांचं काम. हे पहिल्या दिवशी कुणी दाखवलं असतं तर डमरू झाला नसता. त्यामुळे तुम्हाला सीवरला टाकलंच तर प्रॅक्टिसच्या दिवशीच बोवाल्याला पकडा, स्किपरला विचारू नका, त्याने शेवटची घडी कधी घातली असेल देव जाणे.

आता पैशांचं, म्हणजे खरं दुखणं. ठरलं होतं ९००० बाट, "खाणं, डिझेल, सगळं आलं त्यात". सगळं यात काय काय येत नाही ते पुढे कळत गेलं. टीशर्ट ९०० बाट, घ्यावाच लागतो कारण फोटो. सकाळी बीचवरून बोटीपर्यंत सोडणाऱ्या लाँगटेल होडीचे पैसे वेगळे, रोज गोळा करायचे. आणि मग चौथ्या दिवशी स्पिनेकर उतरवताना तो कडेच्या एका खांबाला अडकून फाटला, कोपऱ्यापासून हातभर. मी खाली होतो, मला सांगितलं "ओढ", मी ओढला. तर तो दुरुस्तीचा खर्च क्रूमध्ये वाटला आणि माझ्या वाट्याला ३००० बाट. गंमत म्हणजे वाटणीत स्किपरचं नाव नव्हतं. मी विचारलं. उत्तर आलं की बोट त्याची आहे ना. म्हणजे बोट त्याची, सेल पण त्याचं, फाटलं की आमचं. मी दिले पैसे, भांडायची ताकद नव्हती, पण चुकलंच माझं. जाण्याआधी मेसेजवर लिहून घ्या: मोडतोड झाली तर कोण भरणार, लाँगटेल कोण भरणार, पार्ट्यांचे पास त्यात आहेत का. तोंडी "सगळं आलं" म्हणणाऱ्याच्या बोटीवर जाऊ नका. चार्टर केलेली, म्हणजे भाड्याची, बोट असेल तर डिपॉझिट कुणाच्या नावावर आहे तेही विचारा.

सामानात काय घ्यायचं हे तुम्हाला माहीतच असेल, तरी दोन गोष्टी. सनस्क्रीन तेलकट नको, पायाला लावलेलं डेकवर उतरतं आणि त्यावरून पुढचा माणूस घसरतो, माझ्यासमोर घसरला. आणि कपाळावर लावायचा छोटा टॉर्च घ्या, आत अंधारात लाल आणि हिरवी पट्टी सारखीच दिसते. पाणी माणशी चार लिटर, आणि ते स्वतः उचलून न्या, लाँगटेलपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून जायचं असतं त्यामुळे बॅग वॉटरप्रूफ, चाकांची तर नकोच नको.

मधे एक दिवस लवकर संपलं, पोहलो, मासे बघितले, छान होतं.

शेवटचा दिवस मात्र लिहायलाच हवा. सकाळीच डोंगरावरची झाडं हलत होती. प्रोमथेपच्या बाहेर अठरा नॉट वारा, आणि स्किपर पहिल्यांदाच ओरडला की सगळे रेलवर, सगळे म्हणजे मी पण. बोटीच्या कडेच्या कठड्याची वरची तार छातीला, खालची तार पोटाला, पाय बाहेर, लाटेचं पाणी सरळ मांडीवर. नियम असा की खालच्या तारेच्या आत कंबर हवी, वरून मात्र बाहेर झुकता येतं, तर मी एवढा झुकलो की पोटावर तारेचा जांभळा पट्टा दोन आठवडे होता. तारेला पाइपवरचा फोम गुंडाळून घ्या, तो आदल्या दिवशीच विकत घ्यायचा असतो हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. ८४ किलो काय असतात ते त्या दिवशी कळलं, मी आत सरकलो की बोट कलायची, बाहेर झुकलो की सरळ होऊन पळायची, स्वतःच्या पोटाचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. फेरी संपताना खाली जाऊन घडी घातली, पीळ नाही, चार मिनिटांत परत रेलवर. त्या रेसमध्ये तिसरे आलो. एकूणात आठवे की नववे, बघितलं नाही.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांना सांगत होतो की प्रत्येकाने आयुष्यात एकदा हे केलंच पाहिजे. दोन दिवसांनी हात वर करता येईना तेव्हा मत बदललं होतं. आज हे लिहिताना परत थोडं बदललंय. ज्यांना सेलिंग शिकायला जायचंय त्यांनी जाऊ नये, रेसमध्ये कुणीही काही शिकवत नाही. ज्यांना वजन म्हणून वापरलं गेलं तरी चालणार आहे आणि ज्यांच्याकडे ठरलेल्याच्या दीडपट पैसे आहेत, त्यांनी खुशाल जावं.

मागच्या आठवड्यात त्याच स्किपरचा मेसेज आला, यंदा पण येणार का, वजन तेवढंच आहे ना. मी विचारलं पोझिशन कुठली, आणि फाटलेल्या सेलचे पैसे कोण भरणार ते लिहून दे. चार दिवस झाले. निळी टिक आहे, रिप्लाय नाही.