१९५९ च्या मॉरिस मायनरसाठी मूळ सुटे भाग शोधताना

१९५९ साली तयार झालेली दोन दारांची मॉरिस मायनर १००० माझ्याकडे आली तेव्हा ती चालत होती, पण निरनिराळ्या वर्षांच्या मायनरचे भाग तिच्यात एकत्र नांदत होते. आधीच्या मालकांनी जे मिळाले ते बसवून गाडी रस्त्यावर ठेवली, याबद्दल मी त्यांचा ऋणीच आहे. अलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही मोटार १९४८ मध्ये बाजारात आली, पुढे दोन दशकांहून अधिक काळ बनत राहिली आणि तिची संख्या १६ लाखांच्या घरात गेली. इतक्या दीर्घ काळात आतले कितीतरी भाग बदलले, तरी एका वर्षीचा भाग दुसऱ्या वर्षीच्या गाडीला बहुधा बसतो, आणि माझी खरी अडचण तिथेच होती. कारखान्यातून बाहेर पडताना या गाडीवर जो भाग होता, त्याच प्रकारचा आणि त्याच काळातला भाग मला हवा होता.

म्हणून शोधाला कागदपत्रांपासून आरंभ केला. इंग्लंडमध्ये गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमने कारखान्याच्या जुन्या उत्पादन-नोंदी जपून ठेवल्या आहेत. चॅसिस क्रमांक कळवून शुल्क भरले की त्या नोंदींवरून हेरिटेज प्रमाणपत्र मिळते. त्यात गाडी बांधून पूर्ण झाल्याची तारीख, मूळ इंजिन क्रमांक, बाहेरचा रंग, आतल्या सजावटीचा रंग आणि गाडी कोठे पाठवली गेली ही माहिती असते. हे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत एकही भाग विकत न घेण्याचे मी ठरवले होते, आणि हा निर्णय मला आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची प्रत्येक निवड त्या एका तारखेवर अवलंबून होती. त्यानंतर कंपनीची सुट्या भागांची सूची मिळवली. तिच्यात प्रत्येक भागाचा क्रमांक तर असतोच, पण एखादा भाग कोणत्या चॅसिस क्रमांकापर्यंत वापरला आणि कोणत्या क्रमांकापासून बदलला हेही दिलेले असते. ही सूची शांतपणे, पानामागून पान वाचायची गोष्ट आहे.

सूची हाताशी ठेवून गाडी तपासली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. माझ्या गाडीचे इंजिन ९४८ सीसीचे. १९६२ मध्ये १०९८ सीसीचे इंजिन आले आणि त्याच्यासोबत गिअरबॉक्स, पुढचे ब्रेक ड्रम आणि मागच्या आसाचे गुणोत्तरही (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्समधून येणाऱ्या दांड्याचे किती फेरे होतात ते) बदलले. ब्रेक ड्रम ७ इंचांवरून ८ इंचांवर गेले, तर आसाचे गुणोत्तर ४.५५ वरून ४.२२ वर आले. आस आणि ब्रेक माझ्या गाडीत मूळचेच निघाले. डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी पोहोचवणारा भाग), स्पीडोमीटर आणि वळताना दिशा दाखवणारे हात मात्र एक तर नंतरच्या गाड्यांचे होते किंवा गायबच होते.

डिस्ट्रिब्यूटरच्या शोधाने मला सर्वांत जास्त शिकवले. लुकासने बनवलेल्या विद्युत भागांवर मॉडेलचे नाव, पाच आकडी सेवा क्रमांक आणि निर्मितीचा काळ ठोकलेला असतो. हा काळ कधी महिना व वर्ष, तर कधी आठवडा व वर्ष अशा रूपात दिसतो. गाडीवर नंतरच्या काळातला २५डी४ होता आणि मला हवा होता त्याच्या आधीचा डीएम२. विक्रेते साधारणपणे ‘मायनरचा डिस्ट्रिब्यूटर’ एवढेच सांगतात, पण तेवढ्यावर काहीच ठरत नाही, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन डिस्ट्रिब्यूटरांमध्ये, वेग वाढला की बाहेर सरकणाऱ्या वजनांच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात आणि त्यामुळे वाढत्या वेगाबरोबर ठिणगी किती आधी पडेल हेही वेगळे असते. सेवा क्रमांक जुळला तरच आतली रचना जुळण्याची खात्री धरता येते. इंजिनातल्या पोकळीने हलून ठिणगी आधी पाडणाऱ्या व्हॅक्यूमच्या डबीवर तीन छोटे आकडे असतात: पहिला ती हलू लागण्यासाठी लागणारी पोकळी पाऱ्याच्या इंचांत सांगतो, दुसरा पूर्ण हालचालीसाठी लागणारी पोकळी, आणि तिसरा डिस्ट्रिब्यूटरच्या अंशांतली कमाल वाढ, क्रँकशाफ्टवर ती दुप्पट धरावी लागते. म्हणून प्रत्येक विक्रेत्याकडे मी ठोकलेल्या आकड्यांचे आणि डबीचे स्पष्ट छायाचित्र मागू लागलो. बऱ्याच जणांनी उत्तर दिले नाही. ज्यांनी छायाचित्रे पाठवली, त्यांच्यापैकी एकाचा भाग गाडीच्या तारखेच्या थोडा आधी बनलेला आणि योग्य सेवा क्रमांकाचा निघाला. भागावरची तारीख गाडीच्या तारखेच्या आधीची असणे हेच सुसंगत असते, कारण भाग आधी बनतो आणि गाडी नंतर जोडली जाते.

स्पीडोमीटरची गोष्ट थोडी निराळी. स्मिथ्स कंपनीच्या स्पीडोमीटरच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत एक संख्या छापलेली असते. एक मैल अंतरात केबलचे किती फेरे व्हायला हवेत, ते ती सांगते. माझ्या गाडीतले यंत्र ४.२२ गुणोत्तराच्या गाडीतून काढलेले असल्याने खऱ्या वेगापेक्षा सुमारे ८ टक्के जास्त वेग दाखवत होते. नवा नमुना निवडण्यापूर्वी मी केबल यंत्रापासून सोडवून तिच्या टोकाला कागदाची पट्टी लावली, गाडी सरळ रेषेत १६.१ मीटर, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग, हळूहळू ढकलत नेली आणि फेरे मोजून त्यांना शंभराने गुणले. आलेला आकडा सूचीतल्या यंत्राशी जवळपास जुळला, तेव्हाच खरेदी केली. ज्यांच्या गाडीचा आस किंवा टायर बदललेले आहेत, त्यांनी ही चाचणी अवश्य करावी. तबकडी कितीही सुंदर असली तरी चुकीचा वेग दाखवणारे यंत्र मी गाडीत ठेवणार नाही.

दाराच्या मागच्या खांबातून वर उठणारे दिशादर्शक हात मायनरवर १९६१ पर्यंत होते. नवे बनवलेले भाग दिसायला ठीक असतात, तरी मी जुनेच घेतले आणि टेबलावर १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडून हात अडखळल्याशिवाय उठतो का, वर राहतो का आणि प्रवाह बंद केल्यावर आपोआप खाली पडतो का, हे आधी पाहिले.

डायनॅमोबाबत, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राबाबत, एक गोष्ट आवर्जून सांगतो. या गाडीत बॅटरीचे धन टोक चॅसिसला जोडलेले असते. उलट जोडणीच्या गाडीतून आलेला डायनॅमो बसवायचा असेल, तर बसवल्यावर, पण तारा जोडण्यापूर्वी, बॅटरीच्या जिवंत, म्हणजे चॅसिसला न जोडलेल्या टोकाची तार त्याच्या ‘एफ’ अक्षराच्या (फील्ड) टोकाला क्षणभर टेकवून त्याचे चुंबकत्व फिरवावे लागते. छोट्या स्क्रूंकडेही तितकेच लक्ष हवे. गाडीचे बहुतेक बोल्ट यूएनएफ (इंचातल्या बारीक आट्यांच्या) मापाचे असले, तरी एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरवर आणि लुकासच्या भागांवर बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे छोटे स्क्रू येतात. २ बीए आणि ५ मिलिमीटर मेट्रिक स्क्रूंचे आटे जवळजवळ सारखे असल्याने कोणीतरी मेट्रिक स्क्रू दाबून बसवलेला असतो आणि मऊ धातूतले भोक खराब झालेले असते. म्हणून जुना कार्ब्युरेटर घेताना मी प्रत्येक भोकात योग्य स्क्रू हाताने फिरवून पाहतो.

मूळ भागांचा माझा आग्रह ब्रेकच्या रबरापाशी थांबतो. जुन्या साठ्यातली, बंद पाकिटातली मूळ सीलं आणि होसपाइप मला देऊ केले गेले होते, पण रबर पाकिटातही जुने होते, म्हणून ते सगळे नवे घेतले आणि धातूचे मूळ सिलिंडर आतून तपासून, स्वच्छ करून पुन्हा वापरले.

राहता राहिले इंजिन. माझ्या गाडीवरचे इंजिन ९४८ सीसीचेच, पण कंपनीनेच नव्याने बांधून दिलेले ‘गोल्ड सील’ इंजिन आहे, त्यामुळे त्याच्या पाटीवरचा क्रमांक प्रमाणपत्राशी जुळत नाही. जुना क्रमांक ठोकलेली पाटी बनवून लावण्याचा सल्ला मला मिळाला. मी तो ठामपणे नाकारला. या गाडीच्या वहीत आता प्रत्येक भागापुढे त्याचा क्रमांक, त्याच्यावरची तारीख आणि तो कोणत्या गाडीतून आला हे लिहिलेले आहे, आणि इंजिनापुढे दोन्ही क्रमांक आहेत: प्रमाणपत्रातला आणि सध्या बसवलेल्या इंजिनाचा.