खोकल्याची बाटली देण्याआधी मी काय विचारते

"ताई, खोकल्याचं एखादं चांगलं औषध द्या." बार्शीत मार्केट यार्डाच्या रस्त्याला आमचं मेडिकल आहे आणि दिवाळी झाली की काउंटरवर सगळ्यात जास्त हेच वाक्य ऐकू येतं. पहाटे गारठा, दुपारी ऊन, यार्डात तुरीची आवक सुरू, हवेत सगळीकडे भुसा. या दिवसांत खोकणारं माणूस नाही असं घर सापडायचं नाही.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नव्हे आणि मी ते करत नाही. पण आपल्याकडे माणूस आधी मेडिकलमध्ये येतो आणि दवाखान्यात नंतर जातो, कधीकधी फारच नंतर. त्यामुळे कोणाला बाटली द्यायची आणि कोणाला रिक्षात बसवून दवाखान्यात धाडायचं, हे आमच्या पदरी पडतंच. इतकी वर्षं हे काम करून माझं मत पक्कं झालंय. खोकला केवढ्यानं येतो यावरून फारसं काही कळत नाही. तो कधीपासून आहे आणि श्वासाचं काय चाललंय, हे दोन प्रश्न विचारले की निम्मं काम होतं.

आधी साधं सांगते. नाक गळतंय, घसा खवखवतोय, अंगात कणकण, थोडा खोकला, हे बहुतेक वेळा विषाणूचं असतं. घसा आठवड्याभरात बरा होतो. खोकला मात्र मागे रेंगाळतो, बाकी सगळं बरं झाल्यावरही दोन-तीन आठवडे राहू शकतो. लोकांना हे माहीत नसतं, म्हणून चौथ्या दिवशी येऊन म्हणतात, "ती तीन गोळ्यांची पट्टी द्या." म्हणजे अझिथ्रोमायसिन. विषाणूवर ती काडीचंही काम करत नाही. बेडका पिवळा किंवा हिरवा पडला म्हणजे अँटिबायोटिक लागतंच, असंही नसतं. अशा वेळी कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, वाफ सोसत असेल तर जपून, आणि रात्री चमचाभर मध. हळदीचं दूध आवडत असेल तर जरूर घ्या. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. आजी लोकांना हे पटत नाही, पण मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात गंभीर विषबाधा होऊ शकते.

घशाच्या बाबतीत एक वेगळी तऱ्हा असते. पाच ते पंधरा वयाचं मूल, एकदम ताप, गिळताना खूप दुखतं, गळ्यात गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, आणि सर्दी-खोकला मात्र नाही. हे स्ट्रेप्टोकोकस जंतूचं असू शकतं. त्यावर अँटिबायोटिक लागतं आणि ते डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांइतकं पूर्ण घ्यावं लागतं. अर्धवट सोडलं तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. झडपेचं ऑपरेशन झालेली तरुण मुलं-मुली आमच्याकडे रक्त पातळ करायच्या गोळ्या न्यायला येतात. त्यांतल्या काहींच्या आजाराची सुरुवात लहानपणीच्या अशा घसादुखीतून झालेली असते. आणि थुंकीसुद्धा गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, तोंड उघडत नसेल, श्वास आत घेताना आवाज येत असेल, तर गुळण्यांत वेळ घालवू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

आता लहान मुलांबद्दल, कारण माझा जीव सगळ्यात जास्त तिथे अडकतो.

मागच्या थंडीत एक आजी आठ महिन्यांच्या नातवाला शालीत गुंडाळून घेऊन आल्या. "छातीत घुरघुर हाय, एक बाटली द्या." मी म्हटलं, "आजी, बाकावर बसा आणि बाळाचं झबलं जरा वर करा." बाळ रडत नव्हतं, तेच हवं होतं, कारण रडताना किंवा दूध पिताना मोजलं तर आकडा चुकतो. मोबाइलवर एका मिनिटाचा गजर लावला आणि पोटाकडे बघत राहिले. पोट वर आलं की एक. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, पूर्ण मिनिटच मोजायचं. पन्नासच्या पुढे गेलं. शिवाय श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. मी आकडा आणि वेळ चिठ्ठीवर लिहून दिली, समोरच्या दुकानातल्या पोराला रिक्षा आणायला पाठवलं. आजी नाराज झाल्या, बाटली मिळाली नाही म्हणून. बाळाला न्यूमोनिया होता, ऑक्सिजन लावला, आणि संक्रांतीला त्याच आजी तिळगूळ घेऊन दुकानात आल्या.

हे मोजणं कुणीही शिकू शकतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या, कमी शिकलेल्या कार्यकर्त्यांना हेच शिकवलं. आकडे मोजण्यात घोळ होऊ नये म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन करून दिलं. न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू त्यामुळे कमी करता येतात, हे त्यांनी १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आकडे पाठ करून ठेवा: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. एवढा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. छाती आत ओढली जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, सारखं गुंगीत असेल, ओठ निळसर दिसत असतील, झटका आला असेल, तर त्या क्षणी. दोन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर बाकी काही मोजत बसूच नका.

आणि बाटलीबद्दल. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ नावाच्या सिरपनं वीसहून जास्त मुलं गेली. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, मुलांच्या किडन्या बंद पडल्या. त्यांतली कितीतरी लेकरं उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. ते दिवस माझ्यासारखीला विसरता येणार नाहीत, कारण शेवटी बाटली आमच्यासारख्यांच्याच हातून जाते. केंद्राच्या आरोग्य खात्यानं तेव्हा पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्याचं, सर्दीचं औषध देऊच नये आणि पाच वर्षांच्या आत सहसा देऊ नये. विष सोडा, चांगल्या बाटलीचाही या वयात खोकल्याला फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला पाजणं तर अजिबात नको.

दुसरा प्रश्न, कधीपासून. इथे यार्डातल्या हमाल काकांची गोष्ट सांगायला हवी. एक काका अधूनमधून यायचे, तीच बाटली न्यायचे. विचारलं की म्हणायचे, "भुशाचा खोकला हाय ताई, दरसालचाच." एकदा पँटचा पट्टा बघितला, त्याला खिळ्यानं नवं भोक पाडलेलं होतं, अगदी आत. मग नीट विचारलं. संध्याकाळी अंग गरम होतं, रात्री बनियन घामानं भिजतं, जेवण जात नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची, हा नियम भिंतीवर रंगवलेला आपण सगळ्यांनी वाचलाय. पण भुसा, बिडी, थंडी अशी कारणं हाताशी असली की तो आपल्याला लागू आहे असं वाटत नाही.

काकांना ग्रामीण रुग्णालयात पाठवताना मी बेडका कसा द्यायचा तेही सांगितलं, कारण निम्मे लोक डबीत नुसती थुंकी देऊन येतात आणि तपासणी वाया जाते. आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची. उघड्यावर, माणसांपासून लांब उभं राहायचं. दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून जोरात खोकून घट्ट बेडका काढायचा. एक नमुना तिथेच, दुसरा पहाटे उठल्या उठल्या घरी. आता ट्रूनॅट नावाच्या यंत्रावर काही तासांत कळतं, आणि ते यंत्र आपल्या गोव्यातल्या कंपनीनं तयार केलेलं आहे. उपचार सरकारी दवाखान्यात फुकट, साधारण सहा महिन्यांचे, आणि पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यावर येतात. काकांनी कोर्स पूर्ण केला. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, सुनेचंही निघालं, वेळेत निघालं.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. लांबलेल्या खोकल्यावर स्वतःच्या मनानं लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक मागू नका. ते टीबीच्या जंतूंवरही थोडंफार काम करतं. चार दिवस बरं वाटतं, तपासणीत जंतू सापडत नाहीत, निदान लांबतं, आणि औषधाला दाद न देणारा टीबी व्हायची वाट मोकळी होते. २०१४ पासून आम्हाला ही औषधं विकताना वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहावं लागतं. लोकांना तो जाच वाटतो. मला तो नियम योग्य वाटतो, आणखी कडक पाळला गेला तरी चालेल.

खोकल्यातून रक्त पडलं, थेंबभर का असेना, तर दोन आठवड्यांचा हिशोब नाही, डॉक्टर गाठायचे.

आवाज बसला तर लोक खडीसाखर, ज्येष्ठमध मागतात. सर्दीत बसलेला आवाज परत येतो. पण तीन आठवडे झाले आणि घोगरेपणा तसाच आहे, गिळताना अडकतंय, मानेत न दुखणारी गाठ आहे, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा आहे, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत बघायलाच हवं. आमच्याकडे मशेरी, तंबाखू-चुना, बिडी घरोघरी. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी होते, देशातली खेड्यांसाठीची ती पहिली. म्हणजे जो आजार आपल्याच गावात इतकी वर्षं मोजला जातोय, त्याची पहिली खूण आपल्याला ओळखता यायला नको का?

दम्याचं थोडक्यात. खोकला रात्री, पहाटे वाढतो, छातीत शिट्टी वाजते, धूळ-धूर-थंडीनं उसळतो, तर तो दमा असू शकतो. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांना बिडी न ओढताही फुप्फुसाचा कायमचा आजार होतो. तोंडानं ओढून घ्यायच्या औषधाचा पंप (इनहेलर) लिहून दिला की लोक म्हणतात, "नको, सवय लागते, गोळीच द्या." श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालबुटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या चाळीसपट. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं म्हणून इतकं कमी पुरतं, आणि हातपाय थरथरणं, धडधड हेही कमी होतं. पण नुसत्या त्या पंपावर महिनोन् महिने काढणंही बरोबर नाही. सूज कमी करणारा रोजचा पंप डॉक्टरांनी दिला असेल तर बरं वाटलं म्हणून तो सोडू नका.

छातीच्या दुखण्याला आपल्याकडे एकच नाव आहे, गॅस. खोकून खोकून बरगड्या दुखतात, आम्लपित्तानं जळजळतं, हे खरंच. पण छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, आवळल्यासारखं वाटतंय, कळ डाव्या हातात, जबड्यात, घशात जातेय, थंडीतही घाम फुटलाय, तर मी गॅसची गोळी देत नाही. खुर्ची देते आणि १०८ ला फोन लावते. अशा माणसानं मोटारसायकल चालवत दवाखान्यात जाऊ नये. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, एकाएकी गळून गेल्यासारखं होतं. एकाएकी दम लागणं, एक वाक्य सलग बोलता न येणं, ओठ निळे पडणं, खोकल्यात गुलाबी फेस येणं, हीही १०८ ची कारणं. आडवं झालं की दम लागतो, उशा वाढत चालल्यात, पायावर सूज आहे, तर हृदय दाखवून घ्या, खोकल्याच्या औषधानं ते बरं होणार नाही.

दवाखान्यात जाल तेव्हा खोकला सुरू झाल्याची तारीख, ताप किती आणि कोणत्या वेळी, बेडक्याचा रंग, वजन घटलंय का, घरात कुणाला टीबी होता का, हे कागदावर लिहून न्या. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, रक्तदाबाच्यासुद्धा. आमच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाई कितीतरी महिने कोरड्या खोकल्यानं हैराण होत्या, एक्स-रे स्वच्छ, बेडका स्वच्छ. त्यांच्या पिशवीत रामिप्रिल होती. एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना असा खोकला येतो. गोळी आपली आपण बंद करायची नाही, रक्तदाब उसळतो. डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या जातीची गोळी लिहून दिली आणि महिन्याभरात खोकला गेला.