तुम्ही विचारलंत म्हणून: "सर, नऊ हजारांना का नाही दिला?"

लग्नात, दहाव्याला, स्टाफरूममध्ये, एसटीत, प्रश्न एकच. "सर, तुम्ही तर मानसशास्त्र शिकवता. मग 2022 चा कापूस नऊ हजारांना का नाही दिला?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचा कापूस जूनपर्यंत घरातच होता. पण ते मानसशास्त्र शिकवत नाहीत, म्हणून त्यांना माफ.

आधी भांडून घेतो. आम्ही काही मेंढरं नव्हतो. आदल्या हंगामात हमीभाव क्विंटलला 6,025 रुपये असताना बाजार दहा हजारांच्या वर गेला होता. दिवाळीला घाईनं विकलेले वर्षभर हळहळत होते, त्यात मीही होतो. एकदा पोळलेला माणूस पुढच्या वर्षी थांबला, तर त्यात वेडेपणा काय?

आता खरं सांगतो. मे 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात पौंडाला दीड डॉलरच्या वर गेलेला कापूस ऑक्टोबरअखेर निम्म्यावर आला होता. हे मला ठाऊक होतं, मोबाइलवर पाहिलं होतं. पण त्याच मोबाइलवर गावाच्या ग्रुपमध्ये रोज सकाळी "थांबा, पंधरा होणार" यायचं. दीड डॉलर परके, पंधरा हजार आपले.

नोव्हेंबरच्या शेवटी खेडा खरेदीवाला, म्हणजे गावोगाव फिरून माल घेणारा व्यापारी, टेम्पो घेऊन दारात आला. भाव 9,100. माल 32 क्विंटलच्या आसपास, धाब्याच्या घरात छतापर्यंत रचलेला, दोन खोल्या भरून. रात्री आम्ही ओसरीत झोपायचो. काटा लागला. आईनं पहिलं गाठोडं स्वतः ओढत उंबऱ्यापर्यंत आणलं. तिच्या पदराला कापसाचे पुंजके चिकटले होते. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून शेजाऱ्यानं विचारलं, "सर, इकी राह्यनात का?"

बस, एवढंच. ना टोमणा, ना सल्ला. पण माझ्या कानाला ते "सगळं गाव थांबलंय आणि तुम्ही विकताय?" असं ऐकू आलं. मी म्हणालो, "नाही, भाव विचारत होतो." काटा लागलेला, गाठोडं उंबऱ्यात, आणि मी म्हणतोय भाव विचारत होतो! आई हळूच म्हणाली, "इकी टाक रे भाऊ, लोकेस्नं काय ऐकस?" मी गाठोडं उचलून परत आत टाकलं. व्यापारी चहा न घेताच गेला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. घरभर खाज. पोरांच्या हातापायांवर पुरळ. जूनमध्ये, पेरणीला पैसे हवेत म्हणून, 6,900 ने दिला. वाळून वजनही दोनेक क्विंटल घटलं होतं. हिशेब तुम्हीच करा, मी एकदा केलाय, तो पुरे.

2018 मध्ये मी फार शहाणा होतो. त्या वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला, आठवडे बाजाराच्या दिवशी, पोरं पळवणारे समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. पोरं पळवणाऱ्यांचं तेच व्हॉट्सॲप फॉरवर्ड माझ्याकडेही आलं होतं, मी ते पुढे पाठवलं नव्हतं. त्या आठवड्यात वर्गात छाती फुगवून बोललो की गर्दीत माणूस स्वतःला विसरतो. कापसाची आणि त्या पाच जिवांची तुलना मी करत नाही, करूही नये. पण माझं ते वाक्य आता मला अर्धवट वाटतं. माझ्या दारात गर्दी कुठे होती? एक शेजारी, एक व्यापारी, एक आई. मी स्वतःला विसरलो नव्हतो. उलट त्या क्षणी मला स्वतःचीच, सरांच्या अब्रूची, आठवण जरा जास्तच होती.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग मी दरवर्षी शिकवतो. रेषांची लांबी ओळखायची. बाकी सगळे ठरवून चुकीचं सांगतात, आणि अशा फेऱ्यांत, ज्याला हे ठाऊक नसतं त्या खऱ्या सहभागीची सुमारे 37 टक्के उत्तरं त्यांच्यामागे जातात. पण एक जण जरी खरं बोलला, तरी दुसऱ्याला धीर येतो आणि तो आकडा धाडकन खाली येतो. फळ्यावर किती वेळा लिहिलंय हे.

फेब्रुवारीत शेजारी शेतावरून येताना भेटला. म्हणाला, "सर, त्या दिवशी तुम्ही दिला असता तर मी बी देणार होतो. त्यासाठीच विचारलं. म्हटलं, सर शिकेल माणूस, ते थांबले म्हणजे काहीतरी असेल."

त्याचे 40 क्विंटल होते. मी ज्या गावाला भिऊन थांबलो, त्या गावातला तो एक. आणि त्याच्यासाठी गाव म्हणजे मी. तुमच्यापैकी ज्यांना "सर, तुम्हीसुद्धा?" विचारायची हौस आहे, त्यांनी यापेक्षा जास्त काही टोचायचं बाकी ठेवलेलं नाही.

पुढच्या वर्षी वेचणी झाल्या झाल्या विकला, सातच्या जरा खाली. नंतरचे भाव बघायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी पाहिले. मार्चमध्ये थोडे चढले. काटा लागला तेव्हा शेजारी ओट्यावरच होता. या वेळी त्यानं काही विचारलं नाही. मीच मोठ्यानं म्हणालो, "इकी राह्यनू."

तो "बरं" म्हणाला आणि आत गेला. त्यानं मार्चमध्ये विकला.