आमची वाटचाल: वहीवाल्याची पाटी

बेळगावात शहापूर भागातलं आमचं दुकान लोकांना अजून ‘वहीवाले’ म्हणूनच ठाऊक आहे. आप्पा कागदाची रिमं आणायचे, रेघा मारून घ्यायचे आणि माडीवर आई आणि आत्या शिलाईला बसायच्या. जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदमच येणार, आणि इथला पाऊस म्हणजे कागदाचा वैरी. ओल धरलेल्या वहीवर शाई फुटते, म्हणून गठ्ठे पाटावर रचायचे.

मार्च 2020 मध्ये शाळांना कुलूप लागलं आणि तयार वह्या माडीवरच राहिल्या. हप्ते थांबत नव्हते. तेव्हा मी एलसीडी पाट्या आणल्या, लिहून बटण दाबलं की पुसल्या जाणाऱ्या, साडेआठ इंची, दोन डझन. दारावर मराठी-कन्नड फलक लावला, ‘वही विसरा, कागद वाचवा’. वहीवाल्याच्या दारात! आप्पा वाचून काही बोलले नाहीत, चहा मात्र अर्धा ठेवून उठले.

पाट्या खपल्या, आणि आठवड्यात परत यायला लागल्या. “लिहायला येतंय, पुसायलाच येत नाही की ओ!” लिहायला वीज लागतच नाही, हे मलाही तेव्हाच कळलं. प्लास्टिकच्या दोन पातळ पडद्यांमध्ये द्रव-स्फटिकांचा थर असतो. टोकाचा दाब पडला की तिथली त्यांची मांडणी बदलते, तो भाग प्रकाश परतवतो आणि अक्षर हिरवं दिसतं. म्हणून नखानेही लिहिता येतं. बटणासारखा चपटा सेल लागतो तो फक्त पुसताना. सेल संपला किंवा मागचं लॉक चुकून सरकलं की बटण दाबून काही होत नाही. निम्म्याहून जास्त ‘बिघाड’ मी लॉक सरकवून नीट केले. पैसे कशाचे घेणार?

खरा फटका वेगळाच होता. वडगावच्या, कापडाचे माग चालवणाऱ्या एका मामांनी बारा इंची पाटी नेली आणि तिच्यावर कारागिरांच्या उचलीचा हिशेब ठेवला. पंधरा दिवसांनी नातवाने बटण दाबलं. मामा पाटी घेऊन दुकानात आले, काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “वही विसरा म्हणालास नव्हं? विसरलो बघ.” पैसे परत दिले, त्यांनी घेतले नाहीत. त्याच संध्याकाळी फलक उतरवला. आता प्रत्येक पाटीच्या मागे आमची चिठ्ठी असते, ‘पुसलं की गेलं’, खाली कन्नडमध्ये ‘अळिसिद्रे होय्तु’. ठेवायचं असेल तर मोबाइलवर फोटो काढा, नाहीतर वहीत उतरवा. मामा वह्या अजून आमच्याकडूनच नेतात.

मग गिऱ्हाईक आपोआप वेगळं येऊ लागलं. गणिताची कच्ची आकडेमोड करणारी पोरं, किराणाची यादी लिहिणाऱ्या अक्का. आमच्याच गल्लीतल्या एका शिंप्याला ऐकू येत नाही. गिऱ्हाईक पाटीवर माप आणि तारीख लिहितं, कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये. तो वाचतो, मान हलवतो, वहीत टिपतो आणि बटण दाबतो. आधी तो यासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठी वापरायचा.

कागद वाचतो, पण प्लास्टिक आणि सेल येतोच, हे मी गिऱ्हाइकाला लपवत नाही. वापरलेले सेल आमच्याकडे बरणीत गोळा होतात. एका लॉटमध्ये सेलच्या झाकणाला स्क्रूच नव्हता. तसला सेल पोराने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतो. अख्खा लॉट परत केला. घाऊक व्यापारी तीन महिने फोन उचलत नव्हता. आता विकण्याआधी प्रत्येक झाकण मीच उघडून बघतो. छोटा स्क्रू-ड्रायव्हर खिशातच असतो, त्यामुळे तीन सदऱ्यांचे खिसे गेले.

22 सप्टेंबर 2025 पासून वह्यांवरचा 12 टक्के जीएसटी शून्यावर आला, तेव्हा आप्पांनी बातमी मला दोनदा वाचून दाखवली.

लक्ष्मीपूजनाला गल्ल्यासमोर लाल खतावणीच मांडली. शेजारी पाटी होती, दुधाचा कुंदा किती किलो आणायचा ते लिहिलेली.