आमची वाटचाल : कात्रीआधी कंगवा

आमच्याकडे दुकान नाही, काचेचा दरवाजा नाही, म्हणून आम्हाला धंद्यात न धरणारे नाशकात पुष्कळ भेटले. आम्ही गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन कुत्र्यांचे केस विंचरतो, कापतो. कुत्रं स्वतःच्या अंगणात उभं असतं, घरचं माणूस शेजारी असतं, त्यामुळे निम्मी झटापट होतच नाही. सोबत एक पत्र्याची पेटी आणि ब्लोअर.

पेटीत बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, लांब दातांचा स्टीलचा कंगवा, आतली लव काढायचा अंडरकोट रेक, नखांचा कटर, नखातून रक्त आलं तर दाबायची पावडर, केस कापायचं यंत्र म्हणजे क्लिपर, आणि त्याची ब्लेडं. ब्लेडचा नंबर जितका मोठा तितका केस आखूड कापला जातो. दहा नंबर पोटाखाली, सात एफ पूडलसारख्या कुरळ्या केसांच्या कुत्र्यांच्या अंगावर. चाळीस नंबर ऑपरेशनआधी डॉक्टर वापरतात, आमच्या पेटीत तो नसतोच. चालू ब्लेड बघता बघता तापतं, म्हणून अधूनमधून ते मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघावं. आणि ही ब्लेडं सायकलवरच्या धारवाल्याला कधी देऊ नका. दोन पाती एकमेकींवर सपाट घासत चालतात. चाकावर कड गोल झाली की केस कापला जात नाही, ओढला जातो, आणि चावा आपल्याला बसतो.

वडिलांचं सातपूरला केशकर्तनालय. ‘कुत्र्यांचा न्हावी’ हे नाव मला तिथल्याच बाकड्यावर मिळालं. वडील हसले नाहीत. आपल्या एका छिद्रातून एखाद-दुसरा केस निघतो, कुत्र्याच्या एका छिद्रातून झुपका निघतो, वरचा राठ आणि भोवती मऊ लव, हे दाखवल्यावर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि कात्री धरायला शिकवली. कुत्रं धरायला शिकवलं ते माझ्या पहिल्या भागीदाराने. तो जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. मानेला न आवळता, कोपराखालून हात घालून धरायची त्याची पद्धत आम्ही अजून वापरतो. लग्नानंतर तो पुण्याला गेला.

मधली काही वर्षं बरी गेली. कॉलेज रोड, इंदिरानगर, पंचवटी, दिवाळीआधी तर जेवायला फुरसत नसे. लॉकडाऊन सगळ्यांवरच आला, त्याचं वेगळं रडगाणं नाही.

आम्हाला बुडवायला निघाली ती गाडी. आमच्याच हाताखाली शिकलेल्या मुलाने एका पैसेवाल्याला धरून व्हॅन काढली. आत टब, एसी, बाहेर हसऱ्या हस्कीचं चित्र. जाताना आमच्या गिऱ्हाइकांचे नंबर बरोबर घेऊन गेला. मार्च लागताच सगळ्यांना मेसेज गेला : कोणतीही जात, ‘समर कट’ (म्हणजे उन्हाळ्यासाठी सगळं अंग भादरणं), एकच दर, अर्ध्या तासात काम. आमचा दर त्याच्या दुप्पट, कारण एक जर्मन शेफर्ड नीट विंचरायला दोन तास सहज जातात. उन्हाळा म्हटलं की लोकांना वाटतं, केस काढले की जनावराला गार वाटेल. दुहेरी कोटाच्या, म्हणजे वर राठ केस आणि आत मऊ लव असलेल्या, कुत्र्याचं तसं नसतं. आतली मेलेली लव रेकने काढली की हवा खेळते आणि वरचा राठ केस ऊन अडवतो. तोच भादरला तर कातडी उन्हात उघडी पडते. पॉमेरेनियन, हस्की यांच्या पाठीवर कधीकधी महिनोन्‌महिने केस येत नाहीत, आले तर ठिगळासारखे येतात. हे त्या मुलाला माहीत होतं. मीच शिकवलं होतं.

त्या उन्हाळ्यात आमचा फोन वाजेनासा झाला. स्कूटरचे हप्ते थकले, हाताखालचा दुसरा मुलगाही सोडून गेला. वडील म्हणाले, खुर्ची रिकामी आहे, ये दुकानात.

तेव्हा देवळाली कॅम्पच्या सुभेदार काकांचा फोन आला. तोफखान्यातून निवृत्त झालेला माणूस, कुत्रा शेरा, जर्मन शेफर्ड. “ती गाडी आली होती,” काका म्हणाले. “शेराकडे बघून म्हणाला, फुल समर कट करू. मी गेट लावून घेतलं. तू कधी येतोस?” त्या दिवशी त्यांनी पुढच्या सहा महिन्यांचे पैसे हातात ठेवले. मी नको म्हणालो, तर म्हणाले, “हिशोब लिहून ठेव, मी विसरणार नाही.” सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना ते शेराच्या पाठीवरून हात फिरवून दाखवायचे. अर्धा कॅम्प आमच्याकडे आला तो तसा.

पावसाळ्यानंतर जुनी गिऱ्हाइकं भादरलेली कुत्री घेऊन परतली. ‘केस येतील असं काही करा’ म्हणाली. त्यांना आधी डॉक्टरांकडे थायरॉइड तपासायला पाठवलं. आमच्या पेटीत केस उगवायचं काही नाही.

विषय निघालाच आहे तर ऐका. आंघोळीआधी विंचरा, नंतर नाही. गाठीत पाणी गेलं की ती आवळते. शिह त्झूसारख्या लांब केसांच्या कुत्र्याच्या कानामागे, बगलेत, पट्ट्याखाली कंगवा कातडीपर्यंत गेला पाहिजे, वरवर ब्रश फिरवून फोटो चांगला येतो एवढंच. माणसांचा शाम्पू नको, कुत्र्याची कातडी आपल्याइतकी आम्लधर्मी नसते. पावसाळा सरला की मखमलाबादकडच्या मळ्यांत फिरवून आणल्यावर बोटांच्या बेचक्यांत कुसळं बघा. कातडीत शिरलं तर आतच चालत जातं. थंडीत मुळापर्यंत वाळवल्याशिवाय सोडू नका. पुढच्या पायाचं आतलं नख जमिनीला घासत नाही, ते वळून मांसात जातं, आणि ते कुणीच बघत नाही.

व्हॅन अजून फिरते. आता तिच्यावर लिहिलंय : ‘आम्ही भादरत नाही, वींचरतो.’ ते वाक्य आमच्या पत्रकावरचं आहे, छापखान्याने चुकवलेल्या वेलांटीसकट. आमचं पत्रक नव्याने छापायला टाकलंय. दर तेच आहेत, फक्त पाथर्डी फाट्याच्या पुढे पेट्रोलचे वेगळे.