गुठळी, मेथी आणि आयएनआर

लातूरहून रात्रभर बसने पुण्याला आलो आणि डावा पाय सुजला. वय २७. बसून आखडला असेल म्हणून दोन दिवस शेकला. जवळच्या दवाखान्यात 'स्नायू ताणलाय' म्हणून दुखण्याच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पँट मांडीवरून वर सरकेना, उजवा पायही जड झाला.

डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, दोन्ही मांड्यांत रक्ताच्या गुठळ्या. या वयात दोन्ही पायांत कशा, म्हणून पोटाचा सीटी काढला. पायांचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, इन्फिरिअर व्हेना काव्हा, मूत्रपिंडांच्या खाली माझ्यात जन्मतःच नाही! डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढल्या. "हायवेच नाहीये तुझ्याकडे. इतकी वर्षं गाड्या गावागावांतून जात होत्या, आता कोंडी झालीय."

सुरुवातीला गुठळ्या वाढू नयेत म्हणून एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं, दर १२ तासांनी. सिस्टरनी शिकवलं: बेंबीपासून दोन इंच सोडायचं, कातडी चिमटीत धरायची, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, टोचल्यावर चोळायचं नाही. मी पहिल्याच दिवशी चोळलं. पोटावर जांभळा डाग उठला, पुढे पिवळा पडला. सोबत त्याच कामाची वॉरफरिनची गोळीही चालू होती. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, दोनच्या वर टिकल्यावर सुया थांबल्या.

आई रोज विचारायची, "किती पातळ झालं रे?" पण ही गोळी रक्त पातळ करतच नाही. गोठायला वेळ लावते, नवी गुठळी होऊ देत नाही. जुनी विरघळवायचं काम शरीराचंच, तेही सावकाश.

खरी कसरत त्या आयएनआरच्या आकड्याची. मला तो २ ते ३ मध्ये हवा. हिवाळ्यात गावी गेलो. स्वस्त मेथी, मग सकाळी भाजी, रात्री पराठे. परत येऊन तपासलं तर १.४. पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं. मी म्हटलं, मेथी बंद. डॉक्टर म्हणाले, "बंद कशाला? रोज सारखीच खा, म्हणजे गोळीचं माप बसतं." तेव्हापासून आई भाजी वाटीने मोजून वाढते, आणि दुसऱ्यांदा मागितली की डोळे वटारते.

उलटं टोक पावसाळ्यात पाहिलं. जुलाब झाले, औषधाच्या दुकानातून न विचारता मेट्रोनिडॅझोल हे जंतुनाशक औषध आणलं. ते वॉरफरिनचा असर वाढवतं. चार दिवसांनी दात घासताना बेसिन लाल. आयएनआर ४.८. डॉक्टरांनी गोळी थांबवली, दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं आणि मला चांगलंच झापलं. आता ताप असो की दाढदुखी, आधी सांगतो की वॉरफरिन चालू आहे. पाकिटात चिठ्ठीही असते.

शीर काही उगवणार नाही, त्यामुळे गोळी कायमची. तिची सवय झाली. सूज आवरायला घालायच्या घट्ट मोज्यांची नाही. मे महिन्यात लातुरात ते मांडीपर्यंत चढवायला दहा मिनिटं लागतात आणि तोवर पाठ घामाने भिजलेली असते.